न उडालेले बार

त्या माणसाला सगळी गल्ली पुतळा म्हणायची. तोंडावर नाही, पाठ वळली की. तोंडावर म्हणायचा मान एकट्या मेव्हण्याचा, आणि तो मान मेव्हण्याने एक पाय देऊन मिळवला होता.

तसा माणूस साधा. अंगाने आडवा, बोलायला आखडता. कारखान्यांच्या पगाराच्या थैल्या वाहून नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी होता. जोडे रोज पुसायचा, मिशी आरशात न बघता कातरायचा, त्यामुळे ती कायम एका बाजूला जास्त खाली. कमरेला स्वतःचं रिव्हॉल्व्हर. ते त्याच्या बापाकडून आलेलं, लाकडी मुठीचं, नळीच्या तोंडाशी निळी झिलई उडून पांढरं पडलेलं. त्या नोकरीत ज्याचं हत्यार घरचं, त्याला आधी बोलावणं, म्हणून तर नोकरी लागली. गाडी चालवायला बायकोचा भाऊ. पुढे मेव्हणा, मागे दाजी, मधे थैल्या. मेव्हणा म्हणायचा, "आमची गाडी लुटायची तर आधी आमच्या ताईला विचारावं लागेल."

ताई, म्हणजे त्याची बायको, शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीला लावून मशीन, मशीनच्या पायाशी चिंध्यांचा ढीग, आणि ढिगात खेळणारी एक लेक. त्या मशीनवर तिचा भारी जीव. दर रविवारी ते उघडायची, ब्रशाने धागे काढायची, आणि लांब चोचीच्या डबीने भोकाभोकांत तेल सोडायची. तिचं एक म्हणणं होतं: लोखंडाला तेल आणि माणसाला गोड शब्द वेळेवर मिळाला की गंज धरत नाही. डबी हातात आहेच, तर मग नवऱ्याचं रिव्हॉल्व्हरही ओढून घ्यायची. फटीफटीतून तेल. वरून फडक्याने अशी चमकवायची, की बघणाऱ्याने त्यात भांग पाडून घ्यावा. नवरा समोर बसून बघत राहायचा. त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द कधी निघाला नाही, पण रविवारी तो तिथून उठतही नसे.

मग ती दुपार आली. ती कशी आली, हे गल्लीला मेव्हण्याच्याच तोंडून ठाऊक. गोष्ट सांगताना तो कुबडी आडवी धरायचा, तिचीच बंदूक करायचा आणि जिभेने आवाज काढायचा.

"बाजाराच्या मागच्या फाटकाशी गाडी लावली. दाजी थैली घ्यायला मागे उतरले. तेवढ्यात दोघं आले. एकाने माझ्या खिडकीतून नळी आत घातली, म्हणाला किल्ली टाक. मी हात आखडला. त्याने सरळ गुडघ्यात घातली. मी स्टिअरिंगवर पालथा, डोळ्यापुढे अंधार. आणि आमचे दाजी काय करत होते? मागच्या दाराची कडी! खट् खट्, खट् खट्, खट् खट्! आत लपायला बघत होते! मी इथे रक्तात न्हातोय, आणि ह्या गड्याला साधी कडी उघडता येईना!"

लोक हसायचे. मेव्हणाही हसायचा. गोष्ट पन्नासदा सांगितली की तिच्यातलं रक्त वाळतं.

पुतळा हे नाव मात्र त्याने ठेवलेलं नव्हतं. त्या फाटकासमोरच्या कुलूपवाल्याने चौकशीत सांगितलं होतं, "लांबून दिसलं साहेब. हात पुढे करून उभा होता, पुतळ्यासारखा." मेव्हण्याने ते उचललं इतकंच. चौकशीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर उघडलं तर आत सहाच्या सहा काडतुसं कोरी करकरीत. विचारलं, का झाडली नाहीस? तो म्हणाला, "बोट वळलं नाही."

त्यापुढे तो मूग गिळून बसला, तो मरेपर्यंत. गाडीवरून काढून त्याला एका गोदामाच्या फाटकावर बसवलं. मेव्हण्याचा पाय मांडीपासून गेला, एकटा जीव, म्हणून त्याची खाट ह्यांच्याच पुढच्या खोलीत आली. त्याला उचलून संडासाला नेणारा पुतळाच, अंघोळ घालणारा पुतळाच. पाठीला साबण लावून घेता घेता मेव्हणा म्हणायचा, "इथे बरे हात चालतात दाजींचे!" दाजी पाणी ओतायचा.

बायकोने नवऱ्याला घालूनपाडून बोलायचं बाकी ठेवलं नाही. भावाच्या रिकाम्या विजारीचा पाय दुमडून शिवायची तेव्हा सुई कापडात कमी आणि नवऱ्यात जास्त खुपसायची. तरी रविवारचं तेल तिने सोडलं नाही. राग माणसावर, लोखंडाने काय केलं? एक फरक पडला. आता रिव्हॉल्व्हर तिच्या हातात देण्याआधी तो काडतुसं काढून खिशात टाकायचा. आणि तिचं पुसून झालं तरी लगेच भरायचा नाही. स्वतःच्या कोरड्या फडक्याने ते आतून पुन्हा पुसायचा, ओसरीवर बसून, घटकाभर.

"बघ रे," ती भावाला म्हणायची, "आता गोळ्यासुद्धा काढून देतात. बायकोच्या हातातल्या हत्याराचीही भीती!"

"ताई, तू शिंकलीस तरी दाजी हात वर करतील," भाऊ म्हणायचा.

लेक हे सगळं ऐकत चिंध्यांतून उठली, शाळेत गेली, मोठी झाली. बाप गेल्या साली गेला. गोदामाच्या फाटकावर, खुर्चीत बसल्या बसल्या, टोपी मांडीवर. तिथल्या लोकांना बराच वेळ कळलंच नाही. मेव्हणा त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बोलला, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लेकीच्या डोक्यात एकच खूळ. बाप ज्या कामावरून हाकलला गेला, तेच काम आपण करून दाखवायचं. दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीवर तिला पहारेकरी म्हणून घेतलं. परवाना तिच्या नावावर झाला, पोलिसांत जमा झालेलं रिव्हॉल्व्हर घरी आलं, काडतुसांची अर्धी पेटी बापाची होतीच. आईने ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, म्हणाली, "काय अवकळा आणलीय! कोरडं ठणठणीत!" आणि पुन्हा रविवार सुरू झाले. आता काडतुसं काढून देणारं कोणी नव्हतं.

मामा म्हणाला, "पुतळ्याची पुतळी. चाललीय चोर पकडायला."

"मामा, तुझी जीभ तरी एक दिवस सुट्टीवर पाठव."

"तिला कुठे पाठवू? तिलाही चालायला पायच लागतात."

कामावर रुजू होण्याआधी कंपनीच्या शिक्षकाने तिला नेमबाजीच्या मैदानावर उभं केलं. तिने नळी समोर धरली, चाप ओढला. खट्. बस्स.

"नळी तशीच समोर!" शिक्षक ओरडला. "हलू नको, उघडू नको. कधीकधी बार उशिराने उडतो."

ती हात पुढे करून उभी राहिली. समोर पुठ्ठ्याचा माणूस, मागे ओळीत उभे असलेले नवे पहारेकरी. बार उशिरानेही उडाला नाही. दुसरा नाही, तिसराही नाही. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. आणि तसं उभं असताना तिच्या मनात आलं, की आपण आत्ता लांबून कशा दिसत असू. विचार आला तसा गेला, पण जाताना ओरखडा काढून गेला.

"बापाचं ना हे?" शिक्षक म्हणाला. "नीट करून आण. नाही झालं तर नोकरी विसर. गाडीवर मला फुसका बार नको. एक झाला तेवढा पुरे."

हत्यारं दुरुस्त करणारा जुन्या बाजारात एका लोहाराच्या मागे बसायचा. अर्धं आयुष्य कानाशी बार उडवून तो इतका बहिरा झाला होता, की त्याच्याशी गुपित बोलायचं तर आधी लोहाराला बाहेर पाठवावं लागे. लांबोडकी खोली, फळीवर पकडीचा वाईस, तारांचे ब्रश, कमानींनी भरलेल्या बरण्या, आणि टोकाला वाळूने भरलेली जाड फळ्यांची पेटी. बार तपासायचा तो त्या पेटीत.

"काय होतंय?" तो ओरडला.

"घोडा पडतो, बार उडत नाही, काका!" तीही ओरडली.

"ओरडू नको, ऐकू येतं!" तो आणखी मोठ्याने म्हणाला.

त्याने चक्री बाजूला पाडून काडतुसं काढून ठेवली, सहाही भोकं दिव्यासमोर धरून बघितली, बोटाने चाचपली. मग रिकामं रिव्हॉल्व्हर वाळूकडे रोखून चाप ओढत राहिला. डोळे मिटून. त्याला कानापेक्षा मनगटाला जास्त ऐकू यायचं.

खट् खट्. खट् खट्. खट् खट्.

लेकीने दचकून मान वर केली. का, ते तिला कळेना. हा आवाज तिने पूर्वी ऐकला होता. पण रिव्हॉल्व्हरमधून नव्हे. कोणाच्या तरी तोंडून.

"अशा म्हाताऱ्या हत्याराला चार रोग," कारागीर सांगू लागला. "एक, कमान थकते, मग घोडा जोरात पडत नाही. ह्याची कमान बघ, अजून जवान आहे. दोन, कमानीचा स्क्रू ढिला होतो. हा घट्ट आहे. तीन, घोड्याची चोच झिजते. ही शाबूत. चार, चक्रीला हालचाल येते, काडतूस पुढे सरकतं, आणि चोच नुसतीच टिचकी मारते. हिला केसाएवढीही हालचाल नाही. झकास ठेवलंय बापाने तुझ्या."

"मग?"

त्याने स्वतःची नवी काडतुसं भरली, तिला कानावर हात ठेवायला लावले, आणि वाळूत झाडली. धाड. धाड. सहाच्या सहा. फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. मग त्याने तिची काडतुसं भरली. खट्. तो नळी वाळूकडे तशीच धरून थांबला. काही नाही. खट्. पुन्हा थांबला. काही नाही.

"रोग हत्यारात नाही," तो म्हणाला. "काडतुसात आहे."

एक काडतूस त्याने चिमट्यात पकडलं, गोळी सावकाश ओढून काढली आणि नळकांडं कागदावर उपडं केलं. दारू खसखशीसारखी भुरभुर सांडायला हवी. ती सांडलीच नाही. त्याने टिचकी मारली तेव्हा काळी, चिकट गोळी होऊन पडली. कागदावर तिच्याभोवती हळूहळू डाग पसरला. गोल, पारदर्शक.

"अरे देवा," कारागीर म्हणाला. "ह्यांना तेल कोण पाजतं?"

"तेल?"

"पातळ, मशीनचं तेल. हत्याराला तेल चालतं. काडतुसाला विष. बुडाला ठिणगीची टोपी असते, तिच्यातून आत झिरपतं, आणि ठिणगीच मरते. भरलेल्या हत्यारात कोण ओततं तेल? तू?"

"आई," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिला मोठ्याने सांगता येईना.

"बरं, कोणी का असेना, बंद करायला सांग. दुसरी आहेत का काडतुसं?"

होती. बापाच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात, तळाशी, निळ्या चौकटीच्या चिंधीत गुंडाळलेली. परवान्याचे कागद शोधताना सापडली होती. उपयोगी पडतील म्हणून तिने आणली होती. तिने चिंधी सोडली. सहा.

कारागिराने एक उचललं, बूड दिव्याकडे केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग दुसरं, तिसरं. मग सगळीच बुडं वर करून फळीवर उभी केली, आणि आज पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"ही तर मारलेली आहेत, पोरी."

"म्हणजे?"

"चाप ओढलाय ह्यांच्यावर. टोपीवर खड्डा बघ. चांगला खोल, मधोमध. ह्याच चोचीचा. आणि हा शेजारी दुसरा. प्रत्येकावर दोन-दोन." त्याने हवेत बोट फिरवलं. "चक्री एकदा पुरी फिरली. एकही उडालं नाही. तरी गडी थांबला नाही, पुन्हा पुरी फिरवली. कोण होता हा? समोर काय होतं त्याच्या?"

लेक फळीला धरून उभी राहिली. वाळूच्या पेटीतून अजून धूर निघत होता. खट् खट्, खट् खट्. मामाची जीभ. आडवी धरलेली कुबडी. पन्नासदा सांगितलेली गोष्ट. दाराची कडी नव्हती ती. दाराला कोणी हातच लावला नव्हता. हात पुढे करून उभा होता साहेब, पुतळ्यासारखा. अरे, मग हात पुढे कशाला करतो माणूस? एवढी वर्षं सगळ्या गल्लीत एकालाही हा प्रश्न पडू नये?

"पाणी दे रे हिला," कारागीर लोहाराकडे तोंड करून ओरडला.

तिने पाणी घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. तिच्या डोक्यात एका मागोमाग एक दारं उघडत होती. मामाला दवाखान्यात टाकून बाप घरी आला असणार. हत्यार उघडलं असणार. वास आला असणार, जो वास दर रविवारी ह्या घराला येतो. मग ती सहा काढून त्याने पेटीतली कोरी सहा भरली, आणि चौकशीला गेला. काडतुसं मेली होती असं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न होता: कशाने? आणि त्याच्या पुढचा: कोणी? भावाचा पाय गेला तो बहिणीच्या तेलाने, हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जाईल त्या घरात पुन्हा मशीन चाललं नसतं. त्यापेक्षा बोट वळलं नाही म्हटलेलं बरं.

"काका," ती कारागिराच्या कानाशी जाऊन म्हणाली, "हे कोणाला सांगू नका."

"काय?"

"काही नाही!"

घरी पोचेपर्यंत तिने ठरवलं होतं. बापाने चाप ओढला, एवढं सांगायचं. तेलाचं नाव काढायचं नाही. बापाला त्याचं नाव परत मिळेल आणि आईची झोप तिच्याकडे राहील. सोपं होतं. तिला तसं वाटलं.

मामा खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. आई मशीनवर, कोणाचा तरी पांढरा सदरा सुईखाली घेऊन. तेलाची डबी मशीनच्या फळीवर.

"आली का फौजदारीण?" मामा मागे न बघता म्हणाला. "झालं का नीट? की दाजींसारखंच—"

लेकीने चक्री उघडून सहाही भोकं रिकामी असल्याचं बघितलं. पुन्हा बघितलं. नळी जमिनीकडे केली आणि मामाच्या पाठीमागे उभं राहून चाप ओढला.

खट् खट्. खट् खट्. खट् खट्.

मामाची मान ताठ झाली. तो वळला नाही. त्याचा हात आपोआप मांडीकडे गेला, जिथे पुढे काही नव्हतं.

"कडी," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "कडी कोण वाजवतंय?"

"कडी नाही ती, मामा."

तो वळला. रिव्हॉल्व्हर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोंड उघडं राहिलं, आणि ती जीभ, जिला कधी सुट्टी नव्हती, आत नुसती पडून राहिली. लेकीने त्याच्या चादरीवर चिंधी सोडली, बुडावरचे खड्डे त्याला बोट ठेवून दाखवले.

"दोनदा?" तो म्हणाला.

"प्रत्येक. दोनदा."

"ताई," मामा म्हणाला. "अगं ताई, दाजी मारत होता. अगं, माझ्या मागे उभा राहून मारत होता तो. आणि मी ह्याला..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग एकदम काढले. "पण मग उडाली का नाहीत?"

"जुनी होती," लेक म्हणाली. पटकन म्हणाली. "विकणाऱ्यानेच शिळा माल दिला असेल. कारागीर म्हणाला, होतं असं."

आई मशीनवरून उठली होती. चिंधी तिने आधी ओळखली. मामाच्या विजारींचं कापड, पहिल्या वर्षीचं. मग एक काडतूस उचललं. तिच्या बोटांना कापडाचा आडवा-उभा धागा अंधारात कळायचा. तिने ते अंगठ्याखाली फिरवलं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. मग काडतूस नाकाशी नेलं.

"आई, ठेव ते."

आईने ठेवलं नाही. इतक्या वर्षांनी वास राहिला होता की नाही, कोण जाणे. तिला आला. तिने मशीनकडे बघितलं, डबीकडे बघितलं, पुन्हा काडतुसाकडे. तिच्या चेहऱ्यावरून रंग असा गेला, जसा धुताना कच्च्या कापडाचा जातो.

"शिळा माल नाही," ती म्हणाली. "माझं तेल आहे हे."

मामा तिच्याकडे बघत होता, त्याला अजून अर्थ लागायचा होता. तो लागताना लेकीने बघितला, आणि मान फिरवली.

"म्हणून रिकामं करून द्यायचे," आई म्हणाली. भिंतीला सांगत असल्यासारखी. "मला म्हणाले नाहीत, तेल नको घालू. एकदाही. काडतुसं खिशात टाकायचे आणि हत्यार माझ्या हातात द्यायचे. आणि मी म्हणायची—"

काय म्हणायची, ते तिघांनाही पाठ होतं.

ती मागे सरली, आधाराला मशीनची फळी धरायला गेली, आणि हाताचा धक्का लागून डबी आडवी झाली. लांब चोच पांढऱ्या सदऱ्यावर आली. तेल थेंबाथेंबाने कापडात उतरू लागलं. आधी छातीच्या खिशापाशी, मग बटणांच्या पट्टीपर्यंत. गिऱ्हाइकाचा सदरा होता, संध्याकाळी द्यायचा होता. ह्या बाईने उभ्या आयुष्यात कापडावर डाग पडू दिला नव्हता. ती डागाकडे बघत उभी होती, काडतूस मुठीत घट्ट धरून. डबी तिघांच्याही हाताच्या अंतरावर होती. कोणीच ती उचलली नाही.